पाहुण्यांच्या डोळ्यांतला मुलूख

अलीकडे प्रवासवर्णन आणि संस्कृतिपरिचय यांच्या सीमेवरचा एक वाङ्मयप्रकार आपल्याकडे बराच बळावला आहे. एखादा आडवळणाचा मुलूख घ्यावा; त्याची 'संस्कृति', त्याचें 'खाद्य' आणि त्याचा 'वारसा' अशीं तीन प्रकरणें पाडावीं; आरंभीं धुकें, मध्यें जेवणाचें ताट व शेवटीं नृत्य ठेवावें, कीं लागला त्या मुलखाचा शोध! या लेखनाचा आम्हांस तिटकारा नाहीं. घरबसल्या चार गांवें पाहावीं ही इच्छा निरुपद्रवी आहे, आणि तिच्यापोटीं पुष्कळ चांगलीं पुस्तकें जन्मास आलीं आहेत. परंतु 'शोध' या शब्दापाशीं आम्ही दर वेळीं अडखळतों. जेथें माणसें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं, पेरीत आलीं, गात आलीं, तेथें शोध लागला तो कोणास? आणि ज्यांचा शोध लागला त्यांच्या पदरांत काय पडलें?

हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला तो दोन मुलखांविषयींचें लेखन लागोपाठ वाचल्यामुळें. एक फ्रान्सच्या वायव्य टोकास समुद्रांत शिरलेला ब्रिटनी नांवाचा केल्टिक किनारा. दुसरा आपल्याच सह्याद्रीच्या कुशींतला जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ टापू. एकाच्या तीन बाजूंस अटलांटिक, दुसऱ्याच्या चहूंकडे दऱ्या. यांत साम्य तें काय, असें वाचक विचारतील. मुलखांत साम्य थोडें आहे हें खरें. पण त्यांच्याविषयीं ज्यांनीं लिहिलें त्या पाहुण्यांच्या दृष्टींत साम्य विलक्षण आहे. आणि टीकाकारास मुलखापेक्षां ती दृष्टीच तपासावयाची असते.

ब्रिटनीची गोष्ट आधीं सांगतों, कारण तेथें हा खटला सुमारें दोन शतकें चालला आहे व त्याची कागदपत्रें आपल्यापुढें उघडीं आहेत. पांचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतून व वेल्समधून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनीं आपली भाषा तेथें नेली. ब्रेटन ही वेल्श भाषेची बहीण. फ्रेंचशीं तिचें नातें दूरचें. १५३२ सालीं हें स्वतंत्र डचीचें राज्य फ्रान्सला कायमचें जोडलें गेलें, आणि पुढील तीन शतकांत ब्रिटनी म्हणजे पॅरिसच्या दृष्टीनें दारिद्र्य, देवभोळेपणा आणि मोलकरणी पुरविणारा प्रांत होऊन बसला. अशा वेळीं, १८३९ सालीं, व्हिलमार्के या चोवीस वर्षांच्या तरुण सरदारपुत्रानें 'बार्झाझ ब्रेझ' हा ब्रेटन लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. पॅरिस थक्क झालें. ज्यांना आपण अडाणी समजत होतों त्यांच्या तोंडीं एवढें काव्य! जॉर्ज सँडसारख्या लेखिकेनें त्याची मुक्तकंठानें स्तुति केली.

पुढें संशय आला. लुझेल या दुसऱ्या ब्रेटन संग्राहकानें स्वतः खेडोपाडीं हिंडून गीतें टिपलीं होतीं; त्याला गांवांत जीं गीतें मिळत तीं ओबडधोबड, मधूनच तुटलेलीं, आणि व्हिलमार्केच्या पुस्तकांतलीं मात्र घासूनपुसून लख्ख, थेट आर्थर राजाच्या काळापर्यंत पोंचणारीं. १८७२ सालीं त्यानें हा आक्षेप जाहीरपणें मांडला, आणि 'बार्झाझ ब्रेझ' बनावट आहे असा बोलबाला झाला. शंभर वर्षें तो डाग राहिला. अखेर दोनातियँ लोराँ या अभ्यासकास व्हिलमार्केच्या वंशजांकडे त्याच्या मूळ टिपणवह्या मिळाल्या, आणि १९८९ सालीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्पन्न काय झालें? व्हिलमार्केनें गीतें खरोखरच लोकांच्या तोंडून टिपलीं होतीं. आणि मग पॅरिसच्या दिवाणखान्यांत शोभावीं म्हणून तीं घासलींही होतीं. दोन्ही पक्ष अर्धे खरे ठरले.

या खटल्याचें तात्पर्य आम्हांस फार मोलाचें वाटतें. शोध लावणारा नेहमींच खोटें बोलत नाहीं. तो बहुधा सजवितो. आणि सजविण्याचें कारण द्वेष नसून प्रेम असतें. ज्यांची थट्टा होते त्यांना मोठेपण मिळवून द्यावें, ही व्हिलमार्केची इच्छा प्रामाणिक होती. परंतु त्या मोठेपणाचें माप त्यानें पॅरिसकडून उसनें घेतलें. गांवच्या गीतास गांवचें माप पुरेसें आहे, हें त्याला सुचलें नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मोखाडा त्याच्या पूर्वेस, नाशिकच्या अंगास. पूर्वीं हे दोन्ही तालुके ठाणें जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते नव्या पालघर जिल्ह्यांत आहेत. वस्तींत दहांत नऊ माणसें आदिवासी : वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. या प्रदेशावर जें हौशी लेखन होतें त्याचें पहिलें वाक्य जवळजवळ ठरलेलें असतें : जव्हार हें ठाण्याचें (आतां पालघरचें) महाबळेश्वर होय. या उपमेनें लेखक स्तुति करतो असें त्याला वाटतें. वस्तुतः त्यानें पहिल्याच वाक्यांत हार खाल्लेली असते. ज्या मुलखाची ओळख दुसऱ्या गांवाचें नांव घेतल्यावांचून करून देतां येत नाहीं, तो मुलूख लेखकानें पाहिलाच नाहीं. व्हिलमार्केनें आर्थर राजा उसना आणला. आपण महाबळेश्वर उसनें आणतों.

'वारसा' या प्रकरणांत असेंच होतें. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान. हें घराणें महादेव कोळ्यांचें, आणि चौदाव्या शतकापासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत त्याची सत्ता येथें टिकली. सहा शतकें राज्य करणारें आदिवासी घराणें ही हिंदुस्थानच्या इतिहासांत सामान्य गोष्ट नव्हे. मूळपुरुष जयबा मुकणे यांच्याविषयीं एक आख्यायिका आहे. त्यांनीं एका बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली, ती कबूल होतांच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, आणि त्यांनीं वेढा घालून सारा मुलूख घेतला. व्हर्जिलनें गाइलेल्या डिडो राणीच्या कथेंत कार्थेजची स्थापना अशीच होते. लेखकास हें साम्य सांपडतें आणि त्याला हर्ष होतो. जणुं डिडोमुळें जयबास दाखला मिळाला! आम्हांस मात्र या कथेंत निराळेंच कांहीं दिसतें. जमीन घेण्यासाठीं येथें तलवार लागली नाहीं, शब्दाचा अर्थ ताणणें पुरलें. आणि पुढें एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत याच लोकांच्या वंशजांच्या जमिनी सावकारांनीं घेतल्या त्याही कागदावरच्या शब्दांचे अर्थ ताणूनच. आख्यायिका सांगणारास तिचें हें उलटें टोंक दिसूं नये, याचें आश्चर्य वाटतें. शेवटचे अधिपति यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा दगडी आणि देखणा आहे. त्याचीं छायाचित्रें सर्वत्र आढळतात. पण वारसा म्हणजे राजवाडा, एवढ्यावर जो थांबला त्यानें मुलखाची फक्त दिवाणखान्याची खोली पाहिली.

चित्रांची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. वारली लग्नांत घराच्या भिंतीवर, गेरूनें किंवा मातीनें सारवलेल्या पृष्ठभागावर, तांदुळाच्या पिठानें 'चौक' काढतात. तो सुवासिनींनीं काढावयाचा. मध्यें पालघट देवी. आणि धवलेरी गाणीं म्हणून देवीला व नवरानवरीला बोलावते. म्हणजे हें चित्र पाहण्यासाठीं नव्हे, होण्यासाठीं आहे. त्याला गाणें लागतें, लग्न लागतें, घर लागतें. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीनें चित्रकार भास्कर कुळकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, आणि कागदावर काढण्याची वाट खुली झाली. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनीं ती रुंद केली. बायकांचें काम पुरुषाच्या हातीं आलें, विधीचा चौक सुटून रोजचें जीवन, मासेमारी, मुंग्यांचीं वारुळें चित्रांत आलीं. १९८९ सालीं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रांतील मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें होतीं. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले.

येथें आम्हांस दोन टोंकांच्या मतांपासून सावध राहावेंसें वाटतें. चित्र भिंतीवरून कागदावर आलें म्हणून तें भ्रष्ट झालें असें म्हणणारे शुद्धतावादी एक विसरतात, कीं म्हसे यांची रेषा ही एका समर्थ कलावंताची स्वतःची रेषा आहे. त्यांना 'परंपरा' म्हणून गोणींत भरणें हाही एक अन्यायच. उलट, चित्रास बाजार मिळाला म्हणून मुलूख ओळखला गेला असें मानणारे याहून मोठी चूक करतात. आज तीं त्रिकोणी माणसें पडद्यांवर, पेल्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. त्यांतलें काय गळालें? गाणें गळालें. यशोधरा डालमिया यांच्या १९८८ च्या इंग्रजी ग्रंथाचें मोल हें, कीं त्यांत चित्र विधीपासून तोडलेलें नाहीं. आणि कविता महाजन यांनीं वारली लोकगीतें गोळा करून मराठींत आणलीं, तें काम तर चित्रांच्या गाजावाजाच्या मानानें फारच थोड्यांस ठाऊक आहे. चित्र विकत घेतां येतें. गाणें ऐकावयास बसावें लागतें, आणि त्यासाठीं भाषा शिकावी लागते. बाजारानें सोपी वाट धरली यांत नवल नाहीं. नवल हें, कीं टीकेनेंही तीच धरली.

आतां 'खाद्य'. या प्रकरणांत आमचा खरा वाद आहे.

ब्रिटनीच्या हलक्या, आंबट जमिनींत गहूं नीट येत नसे, आणि आलाच तर तो खंडापायीं व बाजारापायीं जाई. कुणब्याच्या वांट्याला येई तो 'काळा गहूं', म्हणजे वस्तुतः गहूंच नसलेलें कुट्टूचें धान्य. त्याची पातळ भाकरीवजा 'गालेत' हें गरिबाचें अन्न होतें. तें खाणें ही लाजेची गोष्ट होती. आज पॅरिसमध्यें, ब्रिटनीच्या गाड्या जेथें येऊन थांबतात त्या माँपार्नास स्थानकाच्या आसपास, गालेतचीं दुकानें ओळीनें आहेत आणि लोक तिचें कौतुक करकरून खातात. लाजेचें अन्न अभिमानाचें झालें. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तें होण्याआधीं ब्रेटन शेतकऱ्याचें पोट इतर अन्नानेंही भरूं लागलें होतें, ही अट विसरतां कामा नये.

जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नागली आणि वरई होते. खालच्या खाचरांत भात. राब भाजावा, रोप करावें, पावसांत लावणी करावी. नागलीची भाकरी, तिची आंबील, उडीद, खुरासणीचें तेल. पावसाळ्याच्या तोंडाशीं रानांत शेवळें येतात, आणि त्यांच्यासोबत काकडाचीं फळें लागतात, कारण काकडाच्या आंबटपणावांचून शेवळें घशाला खाजतात. आमच्या वाचकांपैकीं ठाणें-कल्याण-वसईकडच्या गृहिणींना हें ठाऊक आहे. जूनमध्यें दारावर शेवळाच्या जुड्या घेऊन येणारी बाई कोठून येते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों. कडूकंद नांवाचा एक रानकंद आहे. तो चिरून, राखेंत उकडून, वाहत्या पाण्यांत ठेवून त्याचा कडवटपणा काढावा लागतो. तेव्हां तो पोटांत घालतां येतो. या कृतीमागें किती पिढ्यांची परीक्षा, किती चुका, किती जणांचीं दुखणीं असतील! पाककृति म्हणून ही विलक्षण आहे यांत शंका नाहीं. पण ती शोधून काढण्यास माणसाला कशानें भाग पाडलें? कडू कंद गोड करून खाण्याची कला भरल्या घरांत जन्मत नाहीं.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. सूचना हिंदुस्थानचीच होती. तेव्हांपासून नागलीचीं बिस्किटें, नागलीचे लाडू, वरईचे पदार्थ यांवर लेखांचा पाऊस पडला, आणि त्यांपैकीं बऱ्याच लेखांत या डोंगरांतल्या माणसांचा 'आरोग्यदायी आहार' म्हणून गौरव झाला. याच जव्हार तालुक्यांतल्या वावर-वांगणीच्या परिसरांत १९९२-९३ सालीं शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें व त्यांतून उद्भवलेल्या आजारांनीं दगावलीं. २०१६ सालीं मोखाड्यांतून तशाच बातम्या पुन्हा आल्या. जें धान्य एवढें पौष्टिक, तें पिकविणाऱ्याचें मूल अशक्त कां? उत्तर धान्यांत नाहीं. तें जमिनींत आहे, मजुरींत आहे, दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या रिकाम्या घरांत आहे. नागली चार महिने पुरली तर उरलेल्या आठ महिन्यांचें काय, हें ज्या लेखांत नाहीं, तो लेख पाककृतीचा असेल, आहाराचा नव्हे.

आणि पाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. पावसाळ्यांत या डोंगरांवर पाऊस मन मानेल तसा कोसळतो. प्रवासवर्णनांतलें धुकें आणि धबधबे ते हेच. मोखाडा तालुक्यांतील मध्य वैतरणा धरणाचें पाणी मुंबईस जातें. मे महिन्यांत मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहात असतात. मुंबईंत बसून मोखाड्याच्या धबधब्यांचें वर्णन वाचणारा वाचक तें वाचतां वाचतां मोखाड्याचेंच पाणी पीत असतो. लेखकानें त्याला एवढें सांगितलें तरी पुरे. 'शोध' या शब्दाला मग थोडा अर्थ येईल.

येथें कोणी म्हणेल, तुम्हांस तर दुःखाचेंच वाङ्मय हवें. तसें नाहीं. दुःखाच्या वाङ्मयासही त्याचे दोष आहेत. गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हां माणूस जागा होतो' हें १९७० सालचें पुस्तक घ्या. त्याला १९७२ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आमच्या मतें तो सर्वस्वी योग्य होता. डहाणू-उंबरगांवच्या जंगलपट्टींतल्या वारल्यांची वेठ, लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं जन्मभर राबणारा लग्नगडी, आणि १९४५ सालचा लढा हें सारें बाईंनीं ज्या साध्या, न थरथरणाऱ्या गद्यांत लिहिलें आहे, तें वाचल्यावर आपल्याकडील पुष्कळ सामाजिक कादंबऱ्या कचकड्याच्या वाटूं लागतात. त्याच वर्षीं, १९४५ मध्येंच, के. जे. सावे यांचा 'द वारलीज' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. एकीकडे नोंदी करणारा अभ्यासक, दुसरीकडे पाड्यांत जाऊन राहिलेली कार्यकर्ती. दोघेही बाहेरचेच, पण दोघांनींही आपण काय करावयास आलों आहों हें लपविलें नाहीं. पाहुण्यानें पाहुणा म्हणून लिहावें, यजमानाचा आव आणूं नये. हा नियम दोघांनीं पाळला आहे.

तरीही परुळेकरबाईंच्या पुस्तकाच्या नांवाशीं आमचा एक नम्र तंटा आहे. माणूस जागा होतो. म्हणजे तो आधीं झोपला होता. ज्यानें कडूकंद गोड केला, ज्यानें तारपा घडविला, ज्याच्या बायकांनीं भिंतीवर देवी उभी केली, तो झोपला होता काय? तो दबला होता, भ्याला होता, भुकेला होता. झोप आणि दडपण यांत फरक आहे. बाईंचें पुस्तक हा फरक जाणतें, त्याचीं पानें साक्ष आहेत. त्याचें नांव मात्र जाणत नाहीं. आणि पुढें नांवच लोकांच्या तोंडीं राहिलें. परिणाम असा, कीं आमच्या सुशिक्षित मनांत आदिवासींचीं दोनच चित्रें उरलीं : नाचणारा आणि जागा केला जाणारा. बोलणारा, विनोद करणारा, आपल्यावर टीका करणारा आदिवासी तिसऱ्या चित्रांत यावयाचा राहिलाच.

ब्रिटनींत तें तिसरें चित्र आलें. पिएर-जाकेझ एलियास हा शेतमजुरांच्या घरांतला मुलगा. त्यानें १९७५ सालीं 'अभिमानाचा घोडा' अशा अर्थाच्या नांवाचें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. त्यांत आजोबांचें शहाणपण आहे, सण आहेत, अन्न आहे. आणि शाळेंत ब्रेटन बोलल्याबद्दल मुलाच्या गळ्यांत अडकविली जाणारी ती अपमानाची खूणही आहे. पुस्तक अफाट खपलें. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें तें पुढचें. १९७७ सालीं झाविए ग्राल या दुसऱ्या ब्रेटन लेखकानें 'लोळलेला घोडा' म्हणून उत्तर लिहिलें. एलियासनें ब्रिटनीला भूतकाळाच्या कांचेंत बसविलें, असा त्याचा आरोप होता. कोणाचें बरोबर, हा मुद्दा येथें नाहीं. मुद्दा हा, कीं त्या मुलखाचे दोन पुत्र आपल्या मुलखाविषयीं आपसांत भांडले, आणि पॅरिसला तें ऐकत बसावें लागलें. ज्या दिवशीं असें भांडण जुंपतें त्या दिवशीं मुलखाचा 'शोध' संपतो आणि त्याचें वाङ्मय सुरू होतें.

गळ्यांतल्या त्या खुणेवरून एक कटु गोष्ट बोलणें भाग आहे. इंग्रजीपुढें मराठीची उपेक्षा झाली म्हणून आपण मराठी माणसें रास्त तक्रार करतों. परंतु वारली किंवा कोकणा मूल शाळेंत येतें तेव्हां त्याच्या बोलीपुढें आपली मराठी कोणत्या थाटानें उभी राहते? त्याचा शब्द 'अशुद्ध' ठरतो, त्यावर वर्गांत हंशा होतो, आणि मूल गप्प बसावयास शिकतें. गळ्यांत लांकडी खूण न अडकवितांही ती अडकवितां येते. ब्रिटनीच्या कथेंत आपण सहजच ब्रेटनांच्या बाजूला जाऊन बसतों; जव्हार-मोखाड्याच्या कथेंत आपण पॅरिस आहों, हें कबूल करावयास हवें. ही कबुली ज्या लेखनांत आहे तें लेखन आम्ही आदरानें वाचूं; जेथें नाहीं तेथें धुकें कितीही सुंदर असो.

कांहीं वर्षांपूर्वीं मोखाड्याच्या बाजूस एका गांवीं बोहाडा पाहण्याचा योग आम्हांस आला. उन्हाळ्यांतल्या रात्रीं, टेंभ्यांच्या उजेडांत, संबळ-सनईच्या तालावर मुखवटे घातलेलीं सोंगें एकामागून एक निघतात : गणपति, सरस्वती, मग रामायण-महाभारतांतलीं पात्रें, शेवटीं देवी व महिषासुर. मुखवटे जड असतात. ते घेऊन नाचणें हें खेळ नव्हे, व्रत आहे. सोंगांचे मान घराघरांत वांटलेले असतात, बापाचें सोंग मुलाकडे येतें. शेजारीं बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, कीं तुमच्या घराकडे कोणतें सोंग आहे? कोणतेंच नाहीं, असें आम्हीं सांगितलें. त्यांना खरोखर वाईट वाटलें. कांहीं वेळानें ते म्हणाले, असूं द्या, बघणारेही लागतातच. त्या एका वाक्यांत आमची जागा आम्हांस इतकी नेमकी सांगितली गेली, कीं तेवढी कोणत्याही समीक्षाशास्त्राच्या ग्रंथानें सांगितली नव्हती. तेथें आम्ही शोधक नव्हतों. ज्याच्या घरीं सोंग नाहीं असे पाहुणे होतों, आणि पाहुण्यालाही त्या रात्रीच्या व्यवस्थेंत एक जागा होती.

तारपा वाजतो तेव्हांही असेंच असतें. वाळलेला दुध्या, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा; वाजविणारा मध्यें आणि नाचणारांची साखळी त्याच्या भोंवतीं. त्याच्याकडे पाठ करून नाचावयाचें नाहीं. जव्हार तालुक्यांतील वाळवंड्याचे वृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, आनंद वाटला. ब्रिटनींतही 'फेस्त-नोझ' नांवाचा रात्रीचा सामुदायिक नाच विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ मावळला होता. गांवांतल्याच माणसांनीं तो पुन्हा उभा केला, आणि २०१२ सालीं युनेस्कोनें त्याची नोंद आपल्या वारशाच्या यादींत केली. क्रम ध्यानांत घ्यावा : आधीं गांव नाचलें, मग यादींत नांव आलें. मानचिन्हानें नाच जगत नाहीं. तारपा शिकणारा मुलगा दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला, तर तारपा खुंटीलाच राहणार.

तेव्हां या जातीच्या पुस्तकांकडून आम्ही काय अपेक्षा करावी? फार नाहीं. लेखकानें उसन्या उपमा घरीं ठेवून यावें. ताटांतल्या पदार्थाची चव सांगतांना तो पदार्थ किती महिने पुरतो हेंही विचारावें. चित्राजवळ थांबावें, पण गाणें ऐकूं येईपर्यंत थांबावें. आणि आपण पाहुणे आहों हें शेवटच्या पानापर्यंत विसरूं नये. एवढें ज्यानें केलें त्याच्या हातून प्रासादिक पुस्तक घडेलच असें नाहीं. पण खोटें पुस्तक घडणार नाहीं, आणि आजच्या दिवसांत हेंही थोडें नव्हे.

खरें पुस्तक मात्र यावयाचें आहे. तें जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर वाढलेली मुलगी लिहील. त्यांत कडूकंद असेल, पण त्याचें कौतुक कमी असेल. आजीचा राग असेल, शाळेंतला हंशा असेल, आणि आमच्यासारख्या पाहुण्यांची थट्टाही असेल. तिचे शब्द आम्हांस अडतील. त्यासाठीं आम्हांस कोश उघडावा लागेल, आणि तो आधीं कोणीतरी करावा लागेल. मग दुसरा एखादा तिथलाच लेखक उठून म्हणेल, कीं हें सारें चुकीचें आहे, आमच्या पाड्यावर असें नव्हतें. त्या भांडणाचे अंक ज्या दिवशीं आमच्या मेजावर येतील, त्या दिवशीं या विषयावर आम्हीं लिहिण्याचें कारण उरणार नाहीं. आम्ही खुशाल बघणारांत बसूं. म्हाताऱ्यांनीं सांगितलेंच आहे, कीं तेही लागतातच.